पिंपरीचं पेनिसिलिन

आम्हा पिंपरीकरांना एच.ए., अर्थात हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, म्हणजे कंपनी आणि कॉलनी. मला मात्र तिथे दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास दिसतो. ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली या शास्त्रज्ञांनी 1940च्या सुमारास पेनिसिलिनची ताकद सिद्ध केली. युद्धात ते आधी सैनिकांच्या वाट्याला आलं. शांततेच्या काळात ते बनवण्याचं ज्ञान गरीब देशांपर्यंत पोहोचणं गरजेचं होतं. त्यातूनच 1954 साली पिंपरीत पेनिसिलिन बनवण्यासाठी हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. युनिसेफनं यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेनं तांत्रिक मार्गदर्शन. जमीन आणि राबणारे हात आपले. पुढे डॉ. थिरुमलाचार यांच्या चमूनं इथेच हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं. घेणारा देश देणारा झाला. राष्ट्रांची सुरक्षितता तहांइतकीच अशा वाटून घेतलेल्या विद्येवर उभी असते, असं मी मनापासून मानतो. आपल्या शाळांत हा इतिहास शिकवायलाच हवा.