ओळंब्याला न दिसणारे

जळकोटच्या एखाद्या बांधकामावर मोबाइल भिंतीला टेकवला, की पडद्यावर अंश उमटतात. साधन नवे, तत्त्व जुनेच. गवंड्याचा ओळंबा गुरुत्वाकर्षणाची दिशा दाखवतो. मोबाइलमधील त्वरणमापकही तीच ओळखतो. परंतु याच लातूर जिल्ह्याचा इतिहास पुढचे काही सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील दगड-मातीची घरे कोसळली, हजारो माणसे दगावली. जाड भिंतींचे आतले-बाहेरचे थर बहुधा आरपार दगडांनी सांधलेले नव्हते. वर माळवदाचा भार. हादऱ्याने थर सुटले. भिंत सरळ आहे, एवढेच ओळंबा आणि मोबाइल सांगतात. ती आतून बांधलेली आहे का, हे रचतानाच पाहावे लागते.