हलवून पेटणारी विजेरी : तत्त्व १८३१चे, उजेड दीडशेहून अधिक वर्षांनंतरचा

१/ मोर्शी-वरूडच्या संत्रापट्ट्यात बागांचे ओलीत मुख्यतः विहिरी आणि बोअरवेलवरील मोटारींनी होते. शेतीची वीज पाळीने येते. कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळीत साप-विंचवाच्या भयातून बांधावर जाणाऱ्या शेतकऱ्याला हातातली विजेरी जिवाची सोबत वाटते. गावोगावी तिला ‘बॅटरी’च म्हणतात.

२/ एकविसाव्या शतकाच्या आरंभी मात्र सेलविना चालणारी ‘बॅटरी’ बाजारात आली. अर्धा मिनिट हलवायची आणि कळ दाबायची. तिच्यामागील तत्त्व फार जुने होते.

३/ ऑक्टोबर १८३१मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडे यांनी तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक आतबाहेर केला आणि तारेतून क्षणिक वीजप्रवाह वाहिला. चुंबक स्थिर असता प्रवाह शून्य. वीज चुंबकाच्या हालचालीतून उपजत होती.

४/ या विजेरीत तोच प्रयोग चालतो. नळीतला चुंबक तांब्याच्या वेटोळ्यातून ये-जा करतो. त्याच्या प्रत्येक फेरीत प्रवाहाची दिशा उलटते. डायोड ती एकाच दिशेला वळवतात आणि वीज धारित्रात, म्हणजे कपॅसिटरमध्ये, साठते.

५/ मग अशी विजेरी एकोणिसाव्या शतकातच का झाली नाही? उत्तर हिशेबात आहे. १ फॅरड क्षमतेच्या धारित्रावर ३ व्होल्ट दाब असता त्यात ४.५ ज्यूल ऊर्जा मावते. चांगल्या पेन्सिल सेलमध्ये सुमारे १०,००० ज्यूल असतात.

६/ विजेरीचा जुना तंतुदिवा पाऊण वॅट घेई. सारी ऊर्जा वापरता आली असे धरले, तरी ४.५ ज्यूल त्याला ६ सेकंद पुरतील. ०.०३ वॅटच्या एलईडीला तीच ऊर्जा अडीच मिनिटे पुरेल.

७/ म्हणजे खोळंबा दिव्यापाशी होता. मोठ्या क्षमतेच्या धारित्राचे आरंभीचे पेटंट १९५७चे. लहान पण प्रबळ निओडिमियम चुंबक १९८०च्या दशकातला. आणि पांढऱ्या एलईडीची वाट मोकळी करणारा तेजस्वी निळा एलईडी १९९०च्या दशकातला. त्या निळ्या प्रकाशासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चे नोबेल मिळाले. ही तिन्ही साधने जुळली, तेव्हाच फॅरेडेंचा प्रयोग हातात धरण्याजोगा दिवा झाला.

८/ बाजाराने यातही खोट काढली. काही स्वस्त नकलांमध्ये चुंबकाऐवजी साधा धातूचा तुकडा खुळखुळे आणि दिवा आत दडवलेल्या बटण सेलवर चाले. पारख सोपी आहे : नळीजवळ खिळा धरावा. ओढला गेला नाही, तर आत चुंबक नाही.

९/ खरी विजेरीसुद्धा काही मिनिटांचीच सोबत करते. आंबिया बहारासाठी ताण तोडताना जानेवारीच्या थंडीत रात्रभर पाणी द्यायचे, तर ती पुन्हा पुन्हा हलवावी लागणार.

१०/ २०१७मध्ये महाराष्ट्र शासनाने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, ती शेतीला दिवसा वीज देण्यासाठी. विजेरी बांधावरची वाट दाखवते. रात्रीच बांधावर का जावे लागते, या प्रश्नाचे उत्तर वीजपुरवठ्याच्या वेळापत्रकातच शोधावे लागते.