मतपरीक्षा आणि तिचीं तीन उत्तरें

कोथरूड येथें आमच्या शेजारीं राहणाऱ्या एका गृहस्थांनीं घरांतील जुनीं पुस्तकें लावितांना सांपडलेलीं कांहीं संस्कृत पानें आम्हांस आणून दाखविलीं. मुखपृष्ठ गळालेलें, समाप्तीचा भाग नाहीं. परंतु ‘मतपरीक्षा’ हें नांव व आचार्य आणि शिष्य यांचा श्लोकबद्ध संवाद, एवढें स्पष्ट होतें. “मास्तर, हें आपल्यांचें कीं मिशनऱ्यांचें?” असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न साधा; उत्तर मात्र तितकें साधें नाहीं. कारण या वादांत उभय पक्षांनीं एकच भाषा, एकच पद्यरचना व एकच गुरुशिष्यसंवादाची रीत वापरली आहे.

ख्रिस्ती मताची आपल्याकडील मतांशीं तुलना हा विषय महाराष्ट्रास नवा नाहीं. फादर स्टीफन्स यांनीं बायबलांतील कथा ओवीबद्ध केली व तें ‘क्रिस्तपुराण’ इ. स. १६१६ मध्यें गोमंतकांत राचोल येथें छापलें गेलें. मुंबईस १८३१ सालीं मोरभट दांडेकर व जॉन विल्सन यांचा जाहीर वाद झाला आणि त्याच सालीं मोरभटांचें ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ हें पुस्तक निघालें. पुढें १८५७ सालीं विष्णुबावा ब्रह्मचारी यांनीं मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशीं वाद केले. हे सर्व वाद मराठींत व लोकांसमक्ष झाले, म्हणून ते लोकांच्या स्मरणांत राहिले. मतपरीक्षेचा वाद संस्कृतांत व पंडितांपुरता झाला, म्हणून तो मागें पडला. तथापि त्यांतील तीन उत्तरकारांपैकीं एक निश्चितपणें व दुसरा बहुधा महाराष्ट्रीय असल्यामुळें त्याची दखल येथें घेणें अवश्य वाटतें.

मूळ ग्रंथाचा कर्ता जॉन म्यूर (१८१०–१८८२) हा स्कॉटलंडचा. कंपनीच्या बंगालकडील मुलकी नोकरींत होता. त्याची ‘मतपरीक्षा’ १८३९ सालीं कलकत्त्यास निघाली. तींत आचार्य शिष्यास सत्य धर्माचीं तीन लक्षणें सांगतो: प्रवर्तकाच्या ठिकाणीं अलौकिक सामर्थ्य असावें व त्यास साक्षीदार असावेत, शास्त्र पवित्र असावें, आणि तें एका जातीपुरतें किंवा देशापुरतें नसून सर्व मनुष्यमात्राकरितां असावें. या कसोटीवर ख्रिस्ती मत खरें ठरतें व इतर मतें उणीं पडतात, असा त्याचा निर्णय.

येथें वाचकांच्या लक्षांत येईल कीं, तराजू ठरवितांनाच वजन कोणीकडे झुकावें हें ठरून गेलें आहे. ख्रिस्ती मत यहुदी परंपरेंतून निघालें. त्याचें मूळ एका विशिष्ट काळीं होऊन गेलेल्या एका पुरुषाच्या चरित्रांत, मरणांत व पुनरुत्थानांत आहे. ज्या पाँतियस पिलात याच्या आज्ञेनें येशूस वधस्तंभावर चढविलें, तो इ. स. २६ ते ३६ पर्यंत यहुदियाचा रोमन सुभेदार होता. येशूचीं चरित्रें त्यानंतर कांहीं दशकांनीं ग्रीक भाषेंत लिहिलीं गेलीं. तेव्हां ‘हें घडलें काय, व पाहिलें कोणीं’ हा प्रश्न त्या धर्माचा प्राणच होय. बौद्ध, जैन व इस्लाम या मतांसही ऐतिहासिक पुरुषाचा आधार आहे. परंतु मीमांसकांची गोष्ट उलटी. वेद प्रमाण कां, तर त्यास कर्ता नाहीं म्हणून. कर्ता आला कीं भ्रम, प्रमाद व फसविण्याची इच्छा यांची शंका आली. जो स्वतः सर्वज्ञ नाहीं त्यानें दुसऱ्याचें सर्वज्ञत्व ओळखावें कसें, असा आक्षेप कुमारिलभट्टांनीं श्लोकवार्तिकांत बौद्धांवर फार पूर्वीं घेऊन ठेविला होता. तोच म्यूरच्या पहिल्या लक्षणावर जसाच्या तसा लागू पडतो. सारांश, एका पक्षास जो पुरावा वाटतो तोच दुसऱ्यास दोष वाटतो. हा भेद ध्यानांत न घेतां केलेली धर्मांची तुलना व्यर्थ होय.

पहिलें उत्तर त्याच वर्षीं, १८३९ सालीं, ‘मतपरीक्षाशिक्षा’ या नांवानें आलें. कर्ता आपणांस सोमनाथ म्हणवितो. हा सोमनाथ म्हणजे भोपाळजवळील सिहोर येथील ज्योतिषी सुबाजी बापू असावा, असें रिचर्ड फॉक्स यंग यांनीं १८८१ नव्हे, तर अलीकडे १९८१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रबंधांत मानलें आहे. सुबाजींनीं विल्किन्सन साहेबांच्या सहवासांत १८३६ सालीं मराठींत ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ लिहून पौराणिक भूगोलापेक्षां सिद्धान्तांतील गणित ग्राह्य धरलें व कोपर्निकसाच्या मताचाही परामर्श घेतला. तेव्हां सोमनाथ तेच असतील, तर नव्या विद्येस भिणाऱ्या मनुष्याचें हें उत्तर नव्हे. त्यांचा आशय असा कीं, देवानेंच निरनिराळ्या लोकांस निरनिराळे मार्ग दिले. ज्याचा जसा अधिकार तसा त्याचा मार्ग. ख्रिस्ती माणसास त्याचा मार्ग योग्यच, पण त्यानें दुसऱ्याच्या मार्गाची निंदा करूं नये. म्यूरच्या तिसऱ्या लक्षणास हें मुळापासून उत्तर होय. दुसरें उत्तर बंगालच्या हरचंद्र तर्कपंचाननांचें, १८४० चें. तें कडक आहे. वेद आधीं, तर्क मागून, ही त्यांची भूमिका.

तिसरें उत्तर नीळकंठशास्त्री गोरे यांचें. हे चित्पावन, जन्म १८२५ सालीं झांशीकडे, अध्ययन काशीस. वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास, १८४४–४५ मध्यें, त्यांनीं ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा सहा अध्यायांचा ग्रंथ रचिला. त्यांनीं बोट ठेविलें तें नेमकें दुखऱ्या जागीं. जीव जन्मकाळींच नवा उत्पन्न होतो व त्यास पूर्वकर्म नाहीं असें मानिलें, तर एक आंधळा, एक धनवान, हा भेद कोणत्या न्यायानें? मुक्या जनावरांनीं दुःख भोगावें तें कोणत्या पापाकरितां? आणि चार दिवसांच्या आयुष्यांतील अपराधाबद्दल अनंत नरक देणारा ईश्वर दयाळू कसा? ईश्वरावरील वैषम्य व निर्दयता या दोषांचा विचार ब्रह्मसूत्रांत (२.१.३४) आहेच. शस्त्र जुनेंच; घाव मात्र नवीन ठिकाणीं.

आणि याच नीळकंठशास्त्र्यांनीं १८४८ सालीं जौनपूर येथें बाप्तिस्मा घेतला. पुढें नेहेम्या गोरे या नांवानें त्यांनीं १८६० सालीं हिंदींत ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून आपल्याच दर्शनांचें खंडन केलें. १८९५ सालीं ते मुंबईस वारले.

आमच्या लहानपणीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून त्यांच्याविषयीं ‘बाटला’ हा एकच शब्द आम्हीं ऐकला, आणि त्या शब्दावर आम्हीही पुष्कळ वर्षें थांबलों; ग्रंथ उघडून पाहिला नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे. आम्हीं जन्मभर संस्कृत शिकविलें. आमचा ओढा कोणीकडे हें सांगावयास नको. परंतु कर्त्यानें पुढें पक्ष सोडला म्हणून त्याचें प्रमेय खोटें होत नाहीं; तसेंच त्यानें पुढें दुसऱ्या पक्षाचें मंडन केलें म्हणून तेंही आपोआप खरें होत नाहीं. विसाव्या वर्षीं त्यांनीं विचारलेला दुःखाचा प्रश्न अद्याप प्रत्येक धर्मापुढें उभाच आहे. एका पक्षानें ‘बाटला’ म्हणून व दुसऱ्यानें ‘अज्ञानदशेंतील लेखन’ म्हणून ग्रंथ दूर सारावा, यांत हानि इतिहासाची. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ उज्जयिनीच्या शिंदे प्राच्य संस्थेनें स. ल. कात्रे यांच्याकडून संपादवून १९५१ सालीं छापला, म्हणजे रचनेनंतर शंभरांहून अधिक वर्षांनीं. तोंवर हस्तलिखितानेंच त्यास जगविलें.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, अशीं पानें हातीं आल्यास केवळ नांवावरून निर्णय करूं नये. उत्तरग्रंथांच्या नांवांतही ‘मतपरीक्षा’ हें पद येतें, व पूर्वपक्ष म्हणून म्यूरचें मतही येतें. आचार्य लक्षणें स्थापित आहे कीं खोडीत आहे, हें पाहावें. कोथरूडच्या पानांत तो तीं स्थापितो व शिष्य मान्य करितो. म्हणून तीं म्यूरचीं असावींत असें आम्हीं त्या गृहस्थांस कळविलें. त्यांनीं क्षणभर विचार केला, व पानें पुनः त्याच फडक्यांत, घरच्या पोथ्यांशेजारीं, बांधून ठेविलीं. आमच्या मतें त्यांनीं योग्य तेंच केलें.