धानाच्या लोंबीतील बेंगळुरू : दादाजी खोब्रागडे यांचे स्मरण

बेंगळुरूच्या जुन्या रहिवाशांना एचएमटी ही तीन अक्षरे नव्याने सांगावी लागत नाहीत. १९५३ साली या नगरीत हिंदुस्थान मशीन टूल्सची स्थापना झाली आणि १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने मनगटी घड्याळांची निर्मिती सुरू झाली. परीक्षेतील यश असो, पहिली नोकरी असो वा लग्न असो, त्या काळी भेट म्हणून हेच घड्याळ दिले जाई. चामराजपेटच्या घराघरांतील वडीलधाऱ्यांच्या मनगटावरही ते दिसे. याच अक्षरांनी ओळखला जाणारा तांदूळ मात्र बेंगळुरूत निपजलेला नाही. तो पूर्व विदर्भातील एका अल्पभूधारक शेतकऱ्याने घडविला. त्यांचे नाव दादाजी रामाजी खोब्रागडे.

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे लहानसे खेडे आहे. मराठवाड्यातील प्रसिद्ध नांदेडशी त्याचा काही संबंध नाही. हा सारा मुलूख धानाचा. पावसाळ्याच्या तोंडावर पऱ्हे टाकायचे, बांधीत चिखल करून रोवणी करायची आणि दिवाळीच्या सुमारास कापणी करायची, हाच येथील जीवनक्रम. दलित कुटुंबात जन्मलेल्या दादाजींचे शिक्षण तिसरीपर्यंतच झाले. जमीन जेमतेम दीड एकर. तेवढ्यावर संसार चालवीत असतानाही पिकाचे बारकाईने निरीक्षण करण्याचा त्यांचा छंद सुटला नाही.

१९८३ साली त्यांच्या शेतात ‘पटेल-३’ या वाणाचे धान उभे होते. त्यात पिवळसर छटेच्या तीन लोंब्या त्यांना वेगळ्या दिसल्या. दुसऱ्या एखाद्याने त्या भेसळ म्हणून सोडून दिल्या असत्या. दादाजींनी त्या जपून ठेवल्या आणि पुढच्या हंगामात त्यांचे दाणे निराळे पेरले. रानडुकरांपासून रक्षण व्हावे म्हणून त्या तुकड्याभोवती काटेरी कुंपण घातले. धान हे मुख्यतः स्वपरागसिंचित पीक असल्याने निवडलेल्या लोंबीचे गुण पुढील पिढीत बहुतांशी टिकतात. परंतु त्यासाठी दरवर्षी वेगळी दिसणारी रोपे काढून टाकावी लागतात. हे काम त्यांनी वर्षानुवर्षे नेटाने केले. दाणा बारीक आला, भरडल्यावर तांदळाचा उतारा चांगला पडला आणि शिजवलेला भातही लोकांच्या पसंतीस उतरला.

शेजारच्या शेतकऱ्यांनी बियाणे नेले, पेरले आणि त्यांचे धान तळोधीच्या बाजारात पोहोचले. वाणाला नाव नव्हते. त्या दिवसांत एचएमटी घड्याळाची चलती होती, म्हणून व्यापाऱ्यांनी तेच नाव या धानाला देऊन टाकले. अशा रीतीने बेंगळुरूच्या कारखान्याचे नाव विदर्भाच्या बांधीत रुजले आणि तेथून शेजारच्या राज्यांतही गेले.

बियाणे दूरवर गेले, पण त्याच्या कर्त्याचे नाव मागेच राहिले. १९९४ साली कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील संशोधन केंद्राने त्यांच्याकडून पाच किलो बियाणे नेले आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ हा वाण प्रसारित झाला. आपण वाणाचे शुद्धीकरण केले, अशी विद्यापीठाची भूमिका होती; मूळ श्रेय आपले, असे दादाजींचे म्हणणे होते. शेतकऱ्याच्या वाणावरील हक्काला मान्यता देणारा कायदा देशात २००१ साली झाला, तोवर त्यांचे बियाणे सर्वत्र पसरले होते.

घरच्या संकटांनीही त्यांची परीक्षा पाहिली. मुलाच्या आजारपणात उपचारांसाठी जमीन विकावी लागली. शेती गेली तरी हा बाप आणि त्याच्यातील संशोधक खचला नाही. नातलगाकडून मिळालेल्या दीड एकरावर त्यांनी पुन्हा निवडीचे काम आरंभले. ‘नांदेड ९२’, ‘नांदेड हिरा’, ‘विजय नांदेड’, ‘दीपक रत्न’ आणि स्वतःच्या नावाच्या आद्याक्षरांचा ‘डीआरके’ असे अनेक वाण त्यांनी दिले. पहिल्या वाणाच्या नावात नसलेले गाव आणि स्वतःची ओळख त्यांनी पुढच्या वाणांच्या नावांत आणली.

सन्मान आले. २००५ साली राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाचा पुरस्कार मिळाला. राज्य शासनाने कृषिभूषण म्हणून गौरविले. २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ने प्रभावी ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांना स्थान दिले. परंतु या सन्मानांनी घरची ओढाताण संपली नाही. शासनाकडून मिळालेल्या सुवर्णपदकातील सोनेही अस्सल नसल्याचे पुढे उघडकीस आले, तेव्हा वृत्तपत्रांतून मोठा बभ्रा झाला.

ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना दादाजींना पक्षाघाताने गाठले. ३ जून २०१८ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील शोधग्राम येथील रुग्णालयात त्यांनी अखेरचा श्वास घेतला. त्याच्या दोन वर्षे आधी एचएमटीचा घड्याळ-व्यवसाय बंद झाला होता. घड्याळे आता जुन्या कपाटांतून आठवण म्हणून सापडतात. धान मात्र दर पावसाळ्यात नव्याने रोवले जाते. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी किराणा दुकानातील पोत्यावर ही तीन अक्षरे वाचताना तिसरी शिकलेल्या त्या शेतकऱ्याचेही नाव मुलांना सांगावे. त्याचे ऋण थोडेफार फेडण्याचा तो एक मार्ग आहे.