लॅम्प्रीरोधक बंधारे

अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवरील पंचमहासरोवरांना मिळणाऱ्या नद्यांत सागरी लॅम्प्रीची चढण थोपवणारे ठेंगणे बंधारे. लॅम्प्री दिसते वामसारखी, पण तिला जबडा नसतो. चूषमुखाने माशाला चिकटून ती त्याचे रक्त व द्रव शोषते. परजीवी अवस्थेच्या साधारण वर्ष-दीड वर्षात एक लॅम्प्री १८ किग्रॅ.पर्यंत मासे मारू शकते.

नायगारा धबधबा हा तिच्या वाटेतला नैसर्गिक अडसर होता. त्याला वळसा घालणाऱ्या वेलँड कालव्याच्या सुधारणेनंतर ती १९२१ मध्ये ईरी व १९३८ पर्यंत सुपीरियर सरोवरात आढळली आणि लेक ट्राउटची मासेमारी कोलमडली. १९५४ च्या करारान्वये दोन्ही देशांनी संयुक्त मत्स्य आयोग नेमला. टीएफएम हे डिंभनाशक १९५८ पासून वापरात आहे.

बंधाऱ्याचे तत्त्व साधे आहे : लॅम्प्रीला उडी मारता येत नाही. वसंतातल्या पुरातही खालच्या पाण्यापासून माथा ३० ते ४५ सेंमी. उंच राहिला आणि माथ्याला पुढे झुकलेली पोलादी ओठाळी असली, की चूषमुखाने भिंतीला चिकटूनही तिला वर सरकता येत नाही. ट्राउट, सामन उडी घेऊन पार होतात. वरचा प्रवाह लॅम्प्रीला असा बंद झाला, की ती तेथे अंडी घालू शकत नाही, गाळात डिंभ वाढत नाहीत आणि तेवढ्या पात्रात डिंभनाशक सोडावे लागत नाही. बंधाऱ्याचे खरे मोल हेच. काही ठिकाणी माथा फक्त चढणीच्या दिवसांत उचलतात. लॅम्प्रीला अडवणारे बहुतेक बांध मात्र जुन्या गिरण्यांचे वा वीजनिर्मितीचे आहेत. त्यांची डागडुजी टाळल्यास काय होते, ते मिशिगनमधील मॅनिस्टीक नदीने दाखवले : जीर्ण धरणातून लॅम्प्री वर शिरली व ती नदी मोठे उत्पत्तिस्थान बनली.

विद्युत् अवरोध : १९५० च्या दशकात वापरले. शिकागोच्या कालव्यातील सध्याचा अवरोध मात्र कार्प माशांना अडवण्यासाठी आहे. 

उडी न मारणाऱ्या स्टर्जन, वॉलाय, सकर या स्थानिक माशांचीही वाट बंधाऱ्याने अडते. ऑन्टॅरिओतील ब्लॅक स्टर्जन नदीवरील धरण ठेवावे की काढावे, याबद्दल मतभेद आहेत. हवे ते मासे निवडून वर सोडणाऱ्या ‘फिशपास’ केंद्राचे बांधकाम ट्रॅव्हर्स सिटी येथे बोर्डमन नदीवर २०२४ मध्ये सुरू झाले.