गुरुवारची सुट्टी आणि नाशिकचा रस्ता

भोसरीचा रविवार गुरुवारी येतो. त्या दिवशी एमआयडीसीतल्या बहुतेक वर्कशॉपांची शटरं खाली असतात, लेथ आणि प्रेस थांबलेले असतात, टपरीवरचा चहासुद्धा निवांत उकळतो. याचं मूळ विजेत आहे. सगळे कारखाने एकाच दिवशी बंद आणि बाकीचे सहा दिवस एकदम चालू, असं होऊ नये म्हणून औद्योगिक पट्ट्यांना सुट्टीचे वेगवेगळे वार नेमून दिले गेले. पुणे, पिंपरी-चिंचवडच्या वाट्याला गुरुवार आला. मराठी नाटकांचे भरगच्च प्रयोग मात्र लागतात शनिवार-रविवारी. नाट्यगृहात पडदा वर जातो तेव्हा भोसरीतला कामगार मशीनसमोर उभा असतो.

तरीही हा पट्टा करमणुकीसाठी घराबाहेर पडत आला आहे, आणि कारखान्यांच्या कितीतरी आधीपासून. पुण्यात असा एक समज आहे की रसिक म्हणजे मुठेच्या काठचा, आणि नाशिक फाट्यापलीकडे फक्त भोंगे आणि ट्रक. नाशिकच्या रस्त्याचा इतिहास हा समज टिकू देत नाही.

भोसरी याच रस्त्यावरचं गाव. गावातले जुने लोक मूळ नाव भोजापूर सांगतात आणि त्याचा संबंध भोज राजाशी लावतात. इथून पुढे मोशी, चाकण, राजगुरुनगर म्हणजे जुनं खेड, मंचर, नारायणगाव, मग संगमनेरवरून नाशिक. पुणे-नाशिक असा थेट रेल्वेमार्ग अजूनही नाही. ही उणीव करमणुकीच्या इतिहासात फार मोलाची ठरली. खंडाळा ते पुणे रेल्वे १८५८ मध्ये सुरू झाली. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ केलं होतं, अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात उभं राहिलं. पडदे, पेट्या, पोशाख आणि पन्नास माणसांचं बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या नाटक मंडळ्यांना आगगाडी सोयीची होती, म्हणून त्या रुळांच्या कडेच्या शहरांत रमल्या. ढोबळमानाने म्हणायचं तर रुळांवरून नाटक गेलं आणि सडकेवरून तमाशा. नाशिकचा रस्ता हा तमाशाचा रस्ता झाला.

त्याचं केंद्र भोसरीपासून साठेक किलोमीटरवरचं नारायणगाव. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. कापडी कनात, वर फडमालकाच्या नावाचा रंगीत फलक, आत एक टेबल, दोन-चार खुर्च्या आणि भिंतीऐवजी कनातीलाच टांगलेली दिनदर्शिका. गावोगावचे पंच आपल्या जत्रेची तिथी घेऊन येतात. तारीख मोकळी आहे का, नाचणाऱ्या किती, वग कोणता, गाड्या किती येणार, याची विचारपूस होते. शेजारच्या राहुटीतला भाव मुद्दाम मोठ्याने सांगितला जातो. मग सुपारी ठरते, विसार हातावर पडतो आणि दिनदर्शिकेतल्या त्या चौकोनात गावाचं नाव लिहिलं जातं. कालाष्टमी, पौर्णिमा अशा जत्रांच्या गर्दीच्या तिथींना भाव चढतो, कारण एकाच रात्री अनेक देवांच्या पालख्या निघतात आणि फड मात्र मोजके. तमाशाचा हंगाम दसऱ्याला उभा राहतो आणि बुद्धपौर्णिमेला उतरतो. त्यातले चैत्र-वैशाख हे कमाईचे महिने.

या गावाचं नाव देशभर नेलं ते विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी. वडील भाऊ आणि चुलते बापू यांच्या फडातून त्या उभ्या राहिल्या. प्रयोग रंगात असताना त्या पडद्यामागे बाळंत झाल्या आणि थोड्याच वेळात पुन्हा बोर्डावर आल्या, ही हकिगत तमाशाच्या दुनियेत आजही सांगितली जाते. १९५७ आणि १९९० अशा दोन वेळा त्यांचा राष्ट्रपतींकडून गौरव झाला. २००२ मध्ये त्या गेल्या, त्या मात्र हलाखीत. आज राज्य सरकारचा तमाशातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. याच रस्त्यावर पुढे, संगमनेरला, कांताबाई सातारकरांचा मुक्काम होता. २०२१ च्या मे महिन्यात त्या वारल्या. एका रस्त्यावर एवढ्या तोलाच्या दोन स्त्रिया आपापले फड चालवत होत्या, ही गोष्ट मराठी रंगभूमीच्या इतिहासात अजून पुरेशा ठळकपणे लिहिली गेलेली नाही.

जत्रा ही कारखान्यांआधीच्या काळातली सहल होती, आणि तिला उत्तम व्यवस्था होती. शेजारपाजारच्या गावांच्या जत्रा वेगवेगळ्या तिथींना येत. त्यामुळे आज आपण त्यांच्याकडे, चार दिवसांनी ते आपल्याकडे. बैलगाडी जुंपायची, लेकी-सुनांना बसवायचं, पाहुण्यांच्या घरी जेवायचं, रात्री तमाशा बघायचा आणि दुसऱ्या दिवशी परतायचं. राहण्याचा खर्च नाही, तिकीट नाही, कारण गावाने पट्टी काढून सुपारी दिलेली असते. भोसरीच्या भैरवनाथाचा उत्सवही याच घडणीचा. देवाची पालखी, पाहुण्यांच्या पंगती, घाटात बैलगाडे आणि आखाड्यात कुस्त्या. भोसरी हे मल्लांचं गाव. इथे कुस्तीकडे शेवटचा कार्यक्रम म्हणून कुणी बघत नाही, जत्रा तिच्यासाठीच भरते असं मानणारी घरं आहेत. आखाड्याची सुरुवात रेवड्यांच्या कुस्त्यांनी होते. लंगोट नीट बांधता न येणारी पोरं एकमेकांना भिडतात, जिंकणारा मूठभर रेवड्या घेऊन आईकडे पळतो आणि हरणाऱ्यालाही कुणीतरी चार रेवड्या देतंच.

बैलगाड्याचा घाट म्हणजे चढावर आखलेली धाव. पुढे घोडी, मागे बैल, आणि घड्याळावर मोजली जाणारी बारी. निवेदकाने ‘भिर्रर्र’ म्हटलं की हजारो डोळे एकाच दिशेने फिरतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने या शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या वर्षांत खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळातल्या जत्रांतला एक दिवसच गळून पडला होता.

मग कारखाने आले. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये उभी राहिली. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि पुढच्या काही वर्षांत भोसरीच्या जिराईत माळावर भूखंड पडले. १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महानगरपालिका. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातून आणि नगर, सोलापूरकडून माणसं लोटली. सातारा, सांगली, खानदेशातून येणारी होतीच. एका खोलीत सहा-सहा जण, पाळीप्रमाणे झोपणारे. या माणसांनी आपापली जत्रा गावाकडे ठेवली आणि तिच्यासाठी वर्षातले दोन दिवस राखले. चैत्र-वैशाखात लहान वर्कशॉपांत हजेरी पातळ होते, आणि मालकही गावाकडचा असला की तोही त्याच वेळी गावी गेलेला असतो.

उरलेल्या वर्षासाठी पुणं होतं. बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली आणि २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, ते खुलं झालं. तोवर ते राहिले नव्हते. पुढे १९७४ मध्ये पिंपरी-चिंचवडची स्वतःची बससेवा सुरू झाली, तीच २००७ मध्ये पुण्याच्या पीएमटीत मिळून पीएमपीएमएल झाली. भोसरीतून नाटकाला जाणं म्हणजे आधी घड्याळाशी जमवून घेणं. पहिल्या पाळीचा माणूस दुपारी सुटून संध्याकाळचा प्रयोग गाठू शके, पण तिसरा अंक लांबला की शेवटच्या बसची काळजी. दुसऱ्या पाळीच्या माणसाला त्या आठवड्यात नाटक नाहीच. लावणी आणि तमाशाची ओढ असणाऱ्यांना गणेश पेठेतलं आर्यभूषण थिएटर होतं. गावाकडच्या जत्रेशी त्याचं नातं जवळचं.

या वेळापत्रकात चपखल बसणारा एक उत्सव होता. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर १९५२ मध्ये गेले आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी पुढच्याच वर्षी आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीने त्यांच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव सुरू केला. डिसेंबरची थंडी, रेणुका स्वरूप शाळेचं मैदान, अंगावर शाल आणि रात्रभर चालणारं गाणं. दुसरी पाळी संपवून निघालेल्या माणसालाही मध्यरात्रीनंतरची मैफल मोकळी होती. पहाटेचा राग ऐकून तो सकाळच्या पहिल्या बसने घरी येऊ शकत होता. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले, रात्रीला कात्री लागली आणि महोत्सव दुपार-संध्याकाळकडे सरकला. आता तो मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर भरतो. नियमांमागचं कारण योग्यच आहे, आजारी माणसाला आणि लहान मुलांना झोप हवी. पण रात्रभराची मैफल गेली तेव्हा पाळीवर राबणाऱ्या श्रोत्याची वेळ गेली, हेही तितकंच खरं आहे आणि त्याबद्दल फार कुणी बोललं नाही.

गुरुवारच्या सुट्टीत जवळपास फिरायचं झालं तर भोसरीकराला दूर जावं लागत नाही. आळंदी दहाएक किलोमीटरवर. ज्ञानेश्वरांची १२९६ ची समाधी, इंद्रायणीचा घाट, आणि १९१७ मध्ये जोग महाराजांनी स्थापलेली वारकरी शिक्षण संस्था, जिथून पखवाज आणि कीर्तन शिकून बाहेर पडलेली मुलं गावोगावी सप्ताह उभे करतात. ज्याला शास्त्रीय संगीताची भीती वाटते त्याने इथल्या कुठल्याही धर्मशाळेच्या ओट्यावर बसावं, ताल आपोआप अंगात शिरतो.

चाकणचा किल्ला मात्र उपेक्षित आहे. शिवनेरीला निघालेल्या गाड्या चाकणच्या चौकात वाहतुकीत अर्धा तास अडकतात, पण जवळच संग्रामदुर्गाचे बुरूज आहेत हे गाडीतल्या कित्येकांना ठाऊक नसतं. १६६० मध्ये शाएस्तेखानाच्या प्रचंड फौजेसमोर फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर शिबंदीनिशी हा भुईकोट जवळजवळ दोन महिने लढवला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हाच तो पडला. तटाचा बराच भाग आज ढासळला आहे. जे उरलं आहे ते बघायला एक तास पुरतो, आणि तो तास द्यायलाच हवा.

नाट्यगृहं या शहरात उशिरा आली, पण आली. चिंचवडला रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, पिंपरीत आचार्य अत्रे रंगमंदिर, सांगवीच्या बाजूला निळू फुले यांच्या नावाचं, प्राधिकरणात ग. दि. माडगूळकरांच्या नावाचं, आणि भोसरीत लांडेवाडीजवळ अंकुशराव लांडगे नाट्यगृह. यातलं निळू फुल्यांचं नाव या रस्त्याला विशेष शोभतं. सेवादलाच्या कलापथकातून आलेला हा नट ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्यातून लोकांपुढे आला, म्हणजे फडाची भाषा घेऊनच नाट्यगृहात शिरला. भोसरीच्या नाट्यगृहात नाटकं होतात, लावणीचे कार्यक्रम होतात, शाळांची स्नेहसंमेलनं होतात आणि राजकीय मेळावेही होतात. घरातली आजी, जिने आयुष्यभर तमाशा लांबूनच ऐकला, ती इथे पहिल्या रांगेजवळच्या खुर्चीत बसून लावणी बघते. जत्रेत बाई बोर्डावर असे आणि समोर सगळे पुरुष. खुर्चीच्या तिकिटाने ही मांडणी बदलली, आणि हा बदल फार चांगला झाला.

२०२४ च्या जानेवारीत शंभरावं अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन पिंपरी-चिंचवडमध्ये भरलं. अध्यक्ष जब्बार पटेल, म्हणजे १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात उभं करणारे दिग्दर्शक. ज्या गावातून माणसं नाटकासाठी पुण्याला जात, त्या गावाकडे आता राज्यभरातली नाटकवाली मंडळी आली. जाण्याचीही सोय वाढली आहे. मार्च २०२२ मध्ये पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो सुरू झाली, पुढे ती शिवाजीनगरवरून पुण्याच्या मध्यात पोहोचली. सुरुवातीला भोसरी नाव मिळालेलं स्टेशन प्रत्यक्षात नाशिक फाट्याला आहे, गावापासून तीन-चार किलोमीटरवर. तिथून रिक्षा ठरवताना अजूनही शेवटच्या बसची जुनी काळजी आठवते.

जत्रेचा हिशोब मात्र अजून जुळलेला नाही. गावच्या जत्रेत रात्री गण, गौळण, बतावणी आणि वग होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच फड पुन्हा उभा राहतो, त्याला हजेरी म्हणतात. रात्रीचा थाट तिथे नसतो. रंग निम्मा उतरलेला, ढोलकीवाल्याचे डोळे तांबारलेले, ऊन कनातीवर चढलेलं, आणि गाणाऱ्या बाईला समोरच्या माणसाने नाव घेऊन केलेली फर्माईश. जाणकार सांगतात, खरं गाणं हजेरीत ऐकावं. भोसरीतून एका रात्रीसाठी आलेला माणूस वग संपता संपता उठतो, चपला शोधतो आणि नाशिक रस्त्यावर येऊन उभा राहतो. सात वाजता पहिली पाळी लागते. तो मोशीच्या पुढे येतो तेव्हा मागे गावात फडाची बाई चहा घेऊन हजेरीसाठी पुन्हा चाळ बांधत असते.