गिरणगाव : वर्गीय विरोधाची बदलती भूमी (१९८२ ते २०१२)

आर्थिक उदारीकरण आणि धर्माधिष्ठित अस्मितेचे राजकारण यांनी मुंबईची कामगार चळवळ संपविली, असे विधान वारंवार केले जाते. गिरणगावाच्या संदर्भात ते अपुरे ठरते. चळवळीचा निर्णायक पराभव १९९१ पूर्वीच झाला होता. त्यानंतर बदलला तो विरोधाचा विषय.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. मागणी पगारवाढीची होती, तशीच १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याविरुद्धही होती. त्या कायद्यान्वये राष्ट्रीय मिल मजदूर संघ हीच प्रातिनिधिक संघटना असल्याने, कामगार ज्यांच्या मागे होते त्यांच्याशी बोलण्यास मालक बांधील नव्हते. संप फसला. तरीही १९८४ मध्ये सामंत लोकसभेवर निवडून आले, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

गिरणगावाची जुनी एकजूट निर्भेळ होती, असे मानणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. धोट्यात नवी कांडी भरताना सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. या कारणाने विणकाम खात्यात दलित कामगारांना मज्जाव होता. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला, परंतु साम्यवादी नेतृत्वाने त्याला दुय्यम स्थान दिले. वर्गाच्या भाषेने झाकलेल्या अशा भेगांतूनच पुढे अस्मितेच्या राजकारणाला वाट मिळाली. १९७० मध्ये आमदार कृष्णा देसाई यांची हत्या झाली आणि त्यांच्या जागेवरील पोटनिवडणुकीत शिवसेनेचे वामनराव महाडिक विजयी झाले. त्या वेळची हाक मराठीपणाची होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून ती हिंदुत्वाची झाली. गिरण्या बंद पडत गेल्या तशी खात्यातील हिंदू-मुस्लिम विणकरांची रोजची गाठभेट संपली. उरली ती वस्ती, आणि डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ च्या दंगलींनी वस्तीच दुभंगली.

त्याच वेळी गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीला सोन्याचे मोल आले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने या जमिनीचे महापालिका, म्हाडा व मालक यांत साधारण समान वाटप सुचविले होते. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटप केवळ मोकळ्या जमिनीपुरते उरले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. दत्ता इस्वलकर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या बंद गिरणी कामगार संघर्ष समितीचा लढा अखेरीस पगाराऐवजी घरासाठी झाला. संप हे हत्यार उरले नव्हते. मोर्चा, निवेदन आणि न्यायालय एवढेच हाती होते.

२०१२ मध्ये घरांची सोडत निघाली. १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर गिरणीत कामावर असल्याचा पुरावा हा पात्रतेचा निकष ठरला. जी ओळख एकेकाळी गिरणीच्या दारात सामूहिकपणे मिळत असे, ती आता ज्याने-त्याने कागदपत्रांनी सिद्ध करावयाची होती. अर्जदारांपैकी अनेक जण तर मृत कामगारांचे वारस होते.